तिथीची पाऊणपट

मथुराबाईंचं नाव आधी लिहिते, मग बाकीचं. कारण लिहिता लिहिता मी माझ्याच काळज्या सांगत बसणार आणि त्या कुठंतरी कडेला राहून जाणार, अशी मला धास्ती आहे. मथुराबाई मूळच्या करंजाच्या, कोळ्यांच्या घरातल्या. जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि नवीन पनवेलला पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. त्यांनी मला काम दिलं, माझं खोटं पकडलं, आणि तरी दाराबाहेर काढलं नाही. खरं म्हणजे इथंच संपलं असतं. पण मला कुठलीच गोष्ट एका वाक्यात सांगता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

मी किनवटकडची. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी आठवीत होते. सहामाही झाली आणि दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. पुढं आई गेली, भावांची लग्नं झाली, आणि जे घर मी तीन-चार वर्षं एकटीनं ओढलं त्या घरात मी एकदम जास्तीची झाले. दोन्ही वहिन्या वाईट नव्हत्या, पण चुलीपाशी तिसरीला जागा नव्हती. तेव्हा अक्कानं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीनं, पनवेलला बोलावून घेतलं. अक्काची एक खोली आणि एक स्वयंपाकघर; त्यात ती, दाजी, दोन मुलं आणि दाजींची आई. मी कपाट आणि दार यांच्या मधल्या पट्टीत झोपायचे, त्यामुळे सकाळी दूधवाला आला की आधी मला उठावं लागे, मग दार उघडे. दाजी एका इमारतीवर फिटरचं काम करायचे. मनानं बरे होते, पण जेवताना एकदा भाकरी मोडत शांतपणे म्हणाले की, दिवाळीपर्यंत हिचं कुठंतरी काम जमलं पाहिजे, नाहीतर मी स्वतः भावाकडं सोडून येतो. अक्कानं माझ्या ताटात आणखी थोडा ठेचा वाढला.

त्या दिवसापासून मी पिशवी रिकामी केली नाही. कपडे पिशवीतून काढायचे, धुवायचे, वाळले की घडी करून परत पिशवीत. दिवसभर हायवेवरून बंदराकडं जाणारे ट्रेलर घरघरायचे आणि भांड्यांची मांडणी बारीक थरथरायची. मला वाटायचं माझ्याच पोटातून आवाज येतोय. कुकरच्या शिट्ट्या मोजायचे, जिन्यावरची पावलं मोजायचे. अजूनही मोजते. माणूस बसलेलं असतं तिथंच असतं, पण आतून सारखं उठत असतं, असा माझा स्वभाव तेव्हा झाला तो झालाच.

काम मिळालं ते शेजारणीमुळं. तिनं सांगितलं, एका निवृत्त बाईंचा उजवा हात मोडलाय, प्लास्टर आहे, त्यांना स्वच्छ लिहून देणारी मुलगी हवी. दहावी झालेली पाहिजे. मी गेले आणि दहावी झालीय म्हणून सांगितलं. बाईंनी एक कागद पुढं सरकवला आणि काहीतरी सांगितलं ते लिहायला लावलं. अक्षर एवढी एकच गोष्ट माझ्याकडं होती. गावात लग्नाच्या भांड्यांवर घालायची नावं आधी माझ्याकडून कागदावर लिहून घ्यायचे. बाईंनी कागद डाव्या हातानं लांब धरून बघितला आणि म्हणाल्या, "अक्षर चांगलं हाय. उद्यापासून ये."

बाईंच्या दोन भाषा होत्या. शिकवताना पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायच्या, आणि शिकवणं संपलं की करंजाचं. त्यांच्या घरात सुक्या मासळीचा वास भिंतींना मुरलेला होता. पहिला आठवडा मी दुपारची भाकरी खिडकीत तोंड घालून खाल्ली. बाईंना कळलं असणार; दुसऱ्या आठवड्यात त्यांनी डाव्या हातानं, सगळीकडं सांडत, माझ्यासाठी पिठलं केलं आणि स्वतः मुकाट्यानं सुकट खाल्ली. मला इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी मीच सुकट मागितली. कांदा जास्त घातलेली, आमसुलाची, तांदळाच्या भाकरीबरोबर. ज्वारीवर वाढलेल्या माणसाला तांदळाची भाकरी म्हणजे हातात काहीच नसल्यासारखी वाटते, पण सुकट मला आवडली. आज माझ्या घरात ती नसली तर मला चैन पडत नाही.

रविवारी सकाळी बाईंकडं बारावीला बाहेरून बसणारी माणसं यायची. मुलं नव्हती ती. नासीरभाई रिक्षा चालवायचे, दोन मुलांचे बाप. वैशाली साडीच्या दुकानात कामाला होती. आणखी चार-पाच जण. त्यांना 'फलन' नावाचं प्रकरण अवघड जात होतं, फंक्शन म्हणतात ते, म्हणून बाई त्यांच्यासाठी मराठीत सरावाचे कागद तयार करत होत्या. त्या सांगायच्या, मी लिहायचे, शनिवारी रात्री घरी त्याची स्वच्छ प्रत करायची आणि रविवारी सकाळी येताना झेरॉक्स काढून आणायच्या. अचल फलन, रेषीय फलन, वर्ग फलन, मापांक फलन. एखादं फलन आडवंच जाई, एखादं तिरकं चढे, एखादं खाली जाऊन परत वर येई. मी सगळी वळणं पट्टीनं आणि बांगडीनं सुरेख काढायचे. कळत मात्र काही नव्हतं. मला वाटायचं कुठल्याही क्षणी बाई विचारतील, शोभा, सांग बघू हे काय आहे, आणि मी उघडी पडेन. त्या विचारत नव्हत्या, त्यानं भीती आणखी वाढायची.

आता चूक सांगते. आमच्या शाळेत गणिताचे गुरुजी होते, त्यांचा एकच मंत्र: कंस दिसला की सोडवा. कंस तसाच ठेवून उत्तर लिहिलं तर छडी. पाच कंसात अ अधिक ब म्हणजे पाच अ अधिक पाच ब, हे मला झोपेतही येत होतं. आणि बाईंच्या कागदांत जिकडं तिकडं कंस, न सोडवलेले. f(x), f(3 + 2), f(x + 2). मला ते अंगणात उष्टी भांडी पडून राहिल्यासारखं वाटे. एका शनिवारी प्रत करताना मला राहवलं नाही. बाईंचा हात दुखतोय, घाईत राहून गेलं असेल, आपणच करून टाकू, बाई खूश होतील, आपलं काम पक्कं होईल. मी तो अख्खा कागद आवरला. जिथं f(3 + 2) होतं तिथं f(3) + f(2) केलं. जिथं f(x + 2) होतं तिथं f(x) + f(2). सगळे कंस मोकळे केले आणि समाधानानं झोपले. त्या काळात शांत झोपलेली तेवढीच रात्र असेल.

तो कागद आठवडाभर सगळ्यांच्या हातात होता. पुढच्या रविवारी नासीरभाई आले ते कपाळाला आठ्या घालूनच. f(x) म्हणजे x चा वर्ग, तर तीन आणि दोनचं किती, असा प्रश्न होता. त्यांनी नऊ आणि चार तेरा काढले होते आणि बाईंनी शेवटी दिलेल्या उत्तरांत पंचवीस होते. सगळ्यांचं सगळं चुकलेलं, आणि सगळ्यांचं सारखंच चुकलेलं. स्टँडवर गिऱ्हाईक सोडून मी तेराचे पंचवीस करत बसलो होतो, असं त्यांनी सांगितल्यावर वैशाली पोट धरून हसली. बाईंनी कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, लिहिताना गफलत झालीय, पुढच्या वेळी बघू. माझं नाव घेतलं नाही. मी चहाची भांडी घासत होते आणि नळ बंद करायचं मला सुचत नव्हतं.

सगळे गेल्यावर त्यांनी मला समोर बसवलं.

"हे कोनी केलं?"

"मी."

"का गं?"

"कंस राहिले होते."

बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "किती शिकलीस?"

"दहावी."

खालून भंगारवाला ओरडत गेला, त्याचा आवाज कोपऱ्यावरून वळून पार नाहीसा झाला, तरी त्या माझ्याकडंच बघत होत्या.

"आठवी," मी म्हटलं. "तीपण अर्धीच."

"मंग आठवीच्या मानानं कंस बरोबर सोडवलेस," त्या म्हणाल्या. "उद्या सकाली लवकर ये. करंजाला जायचं हाय."

मी त्याचा अर्थ असा लावला की त्या तिथल्या आपल्या भावाकडं राहायला चालल्यात, तिथंच एखादी शिकलेली पोर शोधतील, आणि मला फक्त पिशवी धरायला नेतायत. घरी अक्काला काही सांगितलं नाही. दाजी जेवायला बसले की मी पाणी आणायच्या निमित्तानं आत जात राहिले.

दुसऱ्या दिवशी एसटीनं उरण, तिथून रिक्षानं करंजा. आयुष्यात समुद्र पहिल्यांदाच बघायला मिळणार म्हणून त्या तशा अवस्थेतही मी वाटेत मान उंच करत होते. पोचलो तर समुद्र घरी नव्हता. नुसता काळा चिखल, चिखलात कुशीवर कललेल्या होड्या, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, आणि पलीकडं लिलावातल्या बायकांचा असा कलकलाट की मला वाटलं मारामारी झाली. धक्क्याच्या पायरीवर बाईंचे थोरले भाऊ हरीदादूस जाळं सांधत बसले होते. बहिणीचं प्लास्टर बघून ते म्हणाले, एवढी शिकलेली बाय आनि न्हानीघरात पाय घसरतो, आमी रोज होडीवर नाचतो, आमाला काय नाय होत. बाईंनी ते कानाआड केलं आणि विचारलं, पाणी कधी भरणार. दादूसनी ना घड्याळ बघितलं ना समुद्राकडं मान वळवली. आज चौथ, म्हणाले, तीनला भरंल. आणि परवा? परवा सष्टी, साडेचार. दशमीला? साडेसात.

माझ्या तोंडून निघून गेलं, कसं कळतं? दादूसनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांना घास कसा चावता ते विचारलं. "तिथीची पाऊनपट," ते म्हणाले. "बापानं सांगलं, त्याला त्याच्या बापानं."

पाऊणकी मला येत होती. आजोबांनी अंगणात फेऱ्या मारता मारता पाठ करून घेतली होती. दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. मी मनात म्हणून बघितली आणि दादूसचे सगळे आकडे जागेवर बसले. बाई माझ्याकडंच बघत होत्या. त्यांनी पायरीखालच्या चिखलात डाव्या हातानं काठीनं लिहिलं, वेडंवाकडं: f(4) = 3.

"चार आत गेले, तीन भायेर आले. सहा आत गेले, साडेचार भायेर. आत तिथी, भायेर वेल. मधी बसलाय तो एफ. एफ म्हंजे हा दादूस. आता सांग, दादूसला चारनी गुनशील?"

"मला कशाला गुनता," दादूस जाळ्यातून मान वर न करता म्हणाले, "एक हाय तोच घराला जड झालाय."

मला हसू आलं आणि हसतानाच कळलं. f हा आकडा नव्हता. ती एक रीत होती. काय आत टाकलं की काय बाहेर येतं, ते सांगणारी. इतके दिवस मी ज्यांची वळणं बांगडीनं काढत होते त्या सगळ्या अशा रीती होत्या, एकेक वेगळ्या स्वभावाची. दुपारी तीनच्या सुमाराला पाणी कुठूनसं, आवाज न करता, पायऱ्यांशी आलं, कललेल्या होड्या एकेक करून सरळ झाल्या आणि चिखलातलं f(4) = 3 बुडून गेलं.

परतीच्या एसटीत बाईंनी मला सांगितलं की रविवारी सगळ्यांना हे मी समजवायचं. चूक माझी, तर दुरुस्तीही माझी. मी म्हटलं, मला जमणार नाही, मी आठवी. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "नाय जमलं तं मंग मला दुसरी बघावी लागंल." रागावून नव्हत्या बोलल्या, म्हणूनच मला ते खरं वाटलं. दिवाळीला तीन आठवडे होते.

रविवारी मी फळ्यासमोर उभी राहिले तेव्हा खडू हातात दोनदा मोडला. दादूसची गोष्ट सांगितली, f(t) बरोबर पाऊण t असं लिहिलं, चौथीला तीन, षष्ठीला साडेचार. इथपर्यंत सगळे ऐकत होते. मग मी म्हटलं, आता मी जो कंस सोडवला होता तो इथं सोडवून बघा, कसं चुकतं ते दिसेल. चार आणि सहा दहा. दशमीला साडेसात. आणि वेगवेगळं केलं तर तीन आणि साडेचार, म्हणजे... साडेसात.

मी परत बेरीज केली. साडेसातच. घाईनं दोन आणि तीन घेतले: दीड आणि सव्वादोन, पावणेचार. पंचमीची पाऊणपट, पावणेचार. जे घेईन ते बरोबर येत होतं. माझी चूक सगळ्यांसमोर, माझ्याच हातानं, खरी ठरत होती.

"यानी के तिचंच बरोबर होतं," नासीरभाई म्हणाले. "खालीपिली आपण हसलो. बाई, तुमचे पंचवीसच गलत."

वैशाली तोंडावर ओढणी धरून हसत होती. मी बाईंकडं बघितलं. त्या खुर्चीत प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि खिडकीच्या गजांकडं बघत होत्या. माझ्या कानात ट्रेलर घरघरायला लागले, किनवटच्या गाडीचा फलाट दिसायला लागला. आज मला कळतं की त्यांना हे असं होणार ते करंजालाच ठाऊक होतं. तेव्हा मला वाटलं, बाईंनी मला सोडलं.

"मोठा आकडा घे ना," नासीरभाई म्हणाले. त्यांना आता मजा वाटत होती. "दहा और आठ."

दहाचे साडेसात, आठचे सहा, साडेतेरा. साडेतेरा म्हणजे दीड वाजता, मी लिहिलं. आणि एकत्र केले तर अठराची पाऊणपट... माझा हात थांबला. अठरावी तिथी नसते. पंधराला पौर्णिमा आणि मग मोजणी परत एकपासून. अठरावा दिवस म्हणजे वद्य तृतीया. तीन पाऊण सव्वादोन.

"दीड नाही," मी म्हटलं. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. "सव्वादोन. पाणी सव्वादोनला भरेल. कंस सोडवला तर दीड येतं, ते चुकीचं आहे. पौर्णिमेपर्यंत चालतं, पुढं नाही चालत." आणि कोणी न सांगता मी फळ्यावर f समोर एक मोठा महिरपी कंस काढला आणि त्यात दोन ओळी लिहिल्या: t पंधरापर्यंत असेल तर पाऊण t, पंधराच्या पुढं असेल तर t मधून पंधरा वजा करून त्याची पाऊणपट. असं दोन तुकड्यांत लिहायचं असतं का, ते मला माहीत नव्हतं. दुसरं कसं लिहिणार, म्हणून लिहिलं.

नासीरभाईंनी फळ्याकडं नीट बघितलं. "मतलब दीडला होडी घेऊन गेलो असतो तर पाऊण तास चिखलात," ते म्हणाले, आणि वही उघडून उतरवून घेऊ लागले. वैशालीनंही ओढणी खाली केली.

तेव्हा बाई उठल्या आणि त्यांच्या शाळेतल्या भाषेत बोलल्या. "शून्यातून निघालेली सरळ रेषा असेल तरच असं वेगळं करता येतं. वर्गाला चालत नाही, तुकड्यांच्या फलनाला चालत नाही. शोभानं दोन्ही दाखवलं. लिहून घ्या." त्या 'शोभा' म्हणाल्या, 'ही मुलगी' नाही म्हणाल्या. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि थोडा वेळ तिथंच उभी राहिले.

संध्याकाळी बाई स्वतः अक्काकडं आल्या. दाजींशी दारातच बोलल्या की, प्लास्टर निघालं तरी मुलगी माझ्याकडं कामाला राहील आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसेल. दाजी म्हणाले, बसू द्या की, मी कुठं नको म्हणतो. अक्कानं त्या रात्री माझी पिशवी ओढून काढली, रिकामी केली आणि कपाटात एक कप्पा दिला. दहावी मी दुसऱ्या खेपेला सुटले, बारावी पहिल्याच. आता एका कंटेनर यार्डात तक्ते भरण्याचं काम करते, किनवटला वर्षातून एकदा जाते आणि तिथंही दोन दिवसांत परतीच्या गाडीची वेळ विचारायला लागते.

बारावीचा निकाल लागला तेव्हा मी बाईंना विचारलं होतं की, मी तुम्हाला काय देऊ. साडी नको, पेढे नकोत, म्हणाल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "पाऊनपटीनं वेल कलते. पानी किती चढंल ते नाय कलत. उधानाला, पुनव-आवसेला, वरच्या पायरीला लागतं, भांगाला, अष्टमीच्या सुमाराला, खालीच राहतं. दादूसला नुसतं बघून समजतं, पन मला लिवलेलं पायजे. ते फलन मला जन्मभर जमलं नाय. ते तू दे."

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी करंजाला जाते. धक्क्याच्या पायऱ्यांवर ऑइलपेंटनं खुणा केल्यात, वह्या भरल्यात. लाटेसारखं वर-खाली जाणारं फलन शिकले, त्यावर दुसरी मोठी लाट चढवायला शिकले, आणि वारा फिरला की दोन्ही खोटी पडतात हेही शिकले. बाई आता भाच्याकडं करंजालाच असतात, काठी घेऊन धक्क्यापर्यंत येतात. मागच्या अमावास्येला मी वही बघून त्यांना सांगितलं, या पायरीवर बसा, इथंवर नाही येत पाणी. त्या बसल्या. पाणी आलं आणि त्यांचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत भिजले. मी घाबरून त्यांना उठवायला लागले तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि पाय पाण्यातच ठेवले.

"अजून बाकी हाय तुजं," म्हणाल्या.

बाकी आहे, बाई. एका पायरीनं चुकतंय. लिहून देईन, आणि तुम्हाला वाचता येतंय तोवर देईन.